भोरड्या आपसूक उठताना

शेवटच्या सकाळीही मी ओरडलोच. थवा उठायला आणि माझ्या तोंडातनं ‘हाऽऽ हुर्र’ निघायला एकच गाठ पडली. भोरड्या चौफेर फुटल्या. माझ्या बायकोनं, शेवंतानं, कॅमेरा डोळ्यावरनं खाली घेतला आणि म्हणाली, “राखला का शाळू? झालं समाधान?” मग दोघं इतकं हसलो की बांधावर बसावं लागलं. चहा प्यालो, घरी आलो. दुपारी भाकरी थापता थापता ती आडवी झाली... उठली नाही. दीड महिना झाला त्याला.

भोरड्या म्हणजे मैनेच्या जातीची पाखरं. अंग गुलाबी, डोकं काळं. थंडीत हजारोंनी येतात आणि शाळवाच्या कणसात दाणा ठेवत नाहीत. वरच्या माळाला आमचा शाळू असायचा तेव्हा आम्ही दोघं दिवस उगवायच्या आधी राखणीला. लग्न होऊन आली तेव्हा शेवंताची गोफण माझ्यापेक्षा लांब जायची. हे मी गावात कधी कबूल केलं नाही, आता लिहून टाकतो.

माळ विकला, राखण संपली. आमच्या वरच्या खोलीत नागपूरकडची एक नोकरीवाली बाई भाड्यानं राहायची. भूगावला फ्लॅट घेऊन जाताना तिनं आपला जुना कॅमेरा शेवंताला दिला. मी म्हणालो, “हिला मिक्सर लावता येत न्हाई, ही काय फोटू काढनार?” आठ दिवसांत तिनं माझा घोरतानाचा फोटो काढून अख्ख्या आळीला दाखवला.

रिहे गावाच्या खालच्या अंगाला पाणथळ जागा आहे, आता पाखरांसाठी राखीव केलेली. भोरड्या रात्री तिथल्या पाणकणसांच्या उंच गवतात उतरतात आणि उजाडताना सगळ्या एकदम उठतात. शेवंताला तेवढाच एक फोटो हवा होता. मी म्हणालो, “जल्मभर बघितल्या की भोरड्या.” तर म्हणाली, “पळतानाच बघितल्या. आपन हाकलल्याबिगर कशा उठत्यात, ते एकदा बघायचंय मला.”

आणि मी दर वेळी हाकलायचो. मुद्दाम नाही हो... थवा दिसला की हात वर जायचा, तोंड उघडायचं. तिथं ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. शेवंता मला रोज त्या पाटीपुढं उभं करायची. “वाचा मोठ्यानं. चौथी पास हायसा ना?” मी वाचायचो आणि पुढं जाऊन ओरडायचो. एकदा तिनं माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. तो गिळून ओरडलो. दोन हिवाळे असेच गेले. रागावली मात्र कधी नाही. घरी येताना माझीच नक्कल करत यायची.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे कॅमेरा घेऊन निघालो. बहीण दारात आडवी आली. “दादा, सुतकात कुटं निघालास? मानसं भेटाया येत्याल.”

“बसू दे त्यांना. तिचं काम ऱ्हायलंय.”

पाणथळीवर जाऊन बसलो. दातावर दात धरले. उजाडलं, पाणकणसं हलली आणि सगळ्या भोरड्या एकदम वर आल्या. कुणी हाकललं नाही. उफणताना भूस उडावं तशा पाण्यावर पसरल्या, वळल्या, पुन्हा एक झाल्या. लई सावकाश. त्यांना कसलीच घाई नव्हती... मी बटण दाबत राहिलो, थवा डोंगराआड गेला तरी दाबत राहिलो. तोंड उघडलं नाही.

फोटो आला का नाही ते कसं बघतात, मला ठाऊक नव्हतं. कॅमेरा तसाच गळ्यात ठेवून घरी आलो आणि भेटायला आलेल्या माणसांत जाऊन बसलो.