चामड्याच्या चपलेचा शोध

नाकाडोंगरीच्या हर्षाला मिरगी होती, पण तिने स्वतः ती कधी पाहिली नव्हती. झटका आला की भान जायचं आणि डोळे उघडले की नाकाशी कुणाची तरी चप्पल असायची. एकोणीस वर्षांत निम्म्या गावाच्या पायांशी तिची अशी ओळख झाली होती. आजाराची तिला एवढीच खात्रीशीर माहिती होती.

गोळ्यांबाबत मात्र तिचं स्वतःचं शास्त्र होतं. घरी धानाची शेती. कीड दिसली की फवारायचं, गेली की पंप खुंटीला. आठ महिने झटका आला नाही, तेव्हा तिने गोळ्या पेटीत टाकल्या आणि रत्नाबाईच्या रोवणीच्या टोळीत नाव दिलं. मिरगी पार गेली, असंही ठोकून दिलं. रत्नाबाई तोंडाची फटकळ, पण हर्षाला आजवर कुणी कामाला नेलं नव्हतं, तिने नेलं. चिखलात ओळीने वाकून, गावभरच्या बातम्या ऐकत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना पोरगी हरखून गेली होती.

पाचव्या दिवशी भर बांधीत, पाण्याने भरलेल्या खाचरात, झटका आला. रत्नाबाईने चप्पल आणायला फर्मावलं. रोवणीला सगळ्या अनवाणी, चपला लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काढलेल्या. पंधरा बाया तिकडे धावल्या. चपला निघाल्या प्लास्टिकच्या, आणि इलाजाला चामड्याचीच लागते यावर सगळ्यांचं एकमत. शेवटी दोघींनी रस्ता गाठला आणि सायकलवरून चाललेल्या टेकचंद मास्तरांचा एक पाय उघडा करून परतल्या. तोवर हर्षा उठून बसली होती. यश अर्थातच चपलेला मिळालं.

तुमसरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, झटका नसला तरी गोळी रोज घ्यायची, आपल्या मनाने तोडायची नाही. आणि सध्या पाण्यात उतरायचं नाही. हर्षाने ते आपल्या हिशेबाने समजून घेतलं: ही फवारणी नव्हे, हे बांधीतलं पाणी. धान हिरवं दिसतं म्हणून कुणी पाणी सोडून देत नाही. मग बाईंनी विचारलं, झटका किती वेळ होता? ते तिला कुठून ठाऊक असणार!

दुसऱ्या दिवशी ती भीतभीत रत्नाबाईकडे गेली आणि थापेसकट सगळं कबूल केलं. टोळीतून नाव जाणार, हे धरूनच चालली होती. रत्नाबाईने आधी पोटभर शिव्या घातल्या.

"आता धुऱ्यावर बसून पऱ्ह्याच्या जुड्या सोडून देजो," मग ती म्हणाली. "आन् गोळी रोज माह्यासमोर खाजो."

हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने डॉक्टरीणबाईंचा प्रश्न पुढे केला.

"दोनेक मिनिटं असंन," रत्नाबाई म्हणाली. "तुयं तोंड पाण्याबाहेर धरून मीच तं बसली होती."

"मंग चप्पल कायले मांगवली?"

"पंधरा जणी तुह्या उरावर उभ्या राहिल्या असत्या. त्यायले कुठं तरी धाडा लागत होतं."