तिच्या जागेवर तिचा नवरा

मासळी बाजारात माझ्या शेजारी बसणारी वहिनी पाय मोडून घरी पडली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या जागेवर तिचा नवरा येऊन बसला.

आम्ही उत्तनच्या बायका भाईंदरला मासळी विकतो. पुरुषांनी बोटीवर जायचं, बायकांनी विकायचं, असंच आमच्यात चालत आलंय. आमच्या रांगेत बाप्या बसलेला मी कधी पाहिला नव्हता. पण जागा महिनाभर रिकामी राहिली की दुसरी कोणीतरी तिथे पाटी मांडते आणि मग उठत नाही. वहिनीला तीच भीती होती, म्हणून तिने बोट सोडायला लावून त्याला पाठवलं.

"काय रे, साडी न्हाय नेसलास?" पलीकडून मावशी ओरडली. मावशी बाजारातली सगळ्यात जुनी, तिचा शब्द चालतो. सगळ्या हसल्या. मीही हसले. लिहिताना आता लाज वाटते.

त्याने मासळी मांडली तेव्हा तर आणखीच हसं झालं. बोटीवर व्यापाऱ्यासाठी निवडतात तसे त्याने मोठे बोंबील एकीकडे आणि बारीक एकीकडे लावले होते. आम्ही प्रत्येक वाट्यात मोठे-बारीक मिसळतो. त्याचे मोठे वाटे लगेच उठले, बारीक मात्र दुपारपर्यंत तसेच. कोणी "कैसा दिया?" विचारलं की तो मान खाली घालायचा. माझेही पहिले दिवस असेच गेले होते.

घरी मुलीला हे सांगितलं. ती कॉलेजात आहे, तिकडे स्त्री-पुरुष समानतेवर वादविवाद होतात. ती म्हणाली, "आई, त्याच्या जागी बाई असती आणि पुरुष हसले असते, तर तू काय म्हणाली असतीस?"

"अगं, पण तेवढी एकच जागा आमची आहे."

"म्हणून त्याला हसायचं?"

मी भाकऱ्या थापायला घेतल्या.

आठवड्याने मावशीने सगळ्यांना जवळ बोलावलं. "आज ह्यो आला, उद्या धा येतील. बोटीवर आपल्याला घेतात काय? मग हितं त्यांचं काय काम?"

तो पाटी आवरायला लागला. मावशीचंही खोटं नव्हतं. बाहेर सगळीकडे पुरुषांचं चालतं, बाजारात तेवढं आमचं. पण तो उठला असता तर जागा कोणाची गेली असती? मी कशी कोण जाणे बोलले.

"काय? मोठ्यानं बोल गो," मावशी म्हणाली.

मग तेच पुन्हा सांगावं लागलं. "जागा वहिनीची हाय. तो राखतोय फक्त. त्याला उठवलं तर बाईचीच जागा जाईल."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग बोंबलांकडे.

"बस. पन ते वाटे नीट लाव. बघवत न्हाय."

वाटे लावायला मी शिकवलं. चार दिवसांत हात बसला. ओरडून गिऱ्हाईक बोलवायला मात्र तो माझ्याइतकाच कच्चा राहिला. आमची दोघांची मासळी हाका न मारताच विकली जायची.

दोन महिन्यांनी वहिनी काठी टेकत आली आणि आपल्या जागेवर बसली. त्याने तिची पाटी उतरवून दिली आणि तो निघाला. तेवढ्यात रांगेच्या टोकाची एक तरुण बाई मावशीला हळूच म्हणाली, "माझा नवरा काम सुटल्यापासून घरीच बसून हाय. माझ्यासोबत आनू काय?"

मावशीने कोयता धुतला, पुसला. "इचार करू," म्हणाली.

ती नाही म्हणाली नाही. घरी जाऊन मी मुलीला पहिलं हेच सांगितलं.