मोझॅकची फरशी

घटस्फोटानंतर मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी धरली आणि दौंडला एका घराच्या माडीवर खोली घेतली. खाली घरमालकीण आजी एकट्याच राहायच्या. भाडं द्यायला गेले की तेवढंच आमचं बोलणं.

खोलीतली फरशी मोझॅकची होती, पण चुन्याच्या आणि रंगाच्या डागांखाली दबलेली. एका रविवारी काहीच करायला नव्हतं म्हणून मी पत्र्याच्या तुकड्यानं एक डाग खरवडला. खाली हिरवे-पांढरे खडे दिसले.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पॉलिश पेपर, आणले. दोनशेवीस नंबर, चारशे, आठशे, हजार; नंबर वाढेल तसा पेपर बारीक. "गाडी घासायचीय का, ताई?" दुकानदारानं विचारलं. मी हो म्हटलं. खरं सांगत बसायचा कंटाळा आला.

मग रोज ड्युटीवरून आले की एक फरशी. पाणी शिंपडायचं, लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळायचा आणि गोल गोल घासत राहायचं. राखाडी चिखल निघायचा. तो पुसायचा, पुढचा बारीक पेपर घ्यायचा. शेवटी हातमोजे घालून चमक आणणाऱ्या ऑक्झॅलिक पावडरीनं चोळायचं. त्या तासाभरात फोन वाजला नाही तरी लक्षात यायचं नाही. एरवी यायचं.

आठवड्यानं आजी कठडा धरत वर आल्या. "काय घासता वो रोज? खाली निस्ती खसखस ऐकू येती."

मी बाजूला सरकले. घासलेल्या सहा फरश्या खिडकीच्या उजेडात ओल्यासारख्या चमकत होत्या. आजी उंबऱ्यावरच बसल्या.

"ही आमच्या ह्यांनी बसवली," त्या म्हणाल्या. "रेल्वेत व्हते. सुट्टी काढून सवता बसवली. पर पालिशचं मिशिन ह्या जिन्यातनं वर चढंना. मिशिनवाला म्हनला, नंतर बघू. मग ते ऱ्हाऊनच गेलं. त्यांनी ही कवा चमकल्याली बघितलीच न्हाई."

त्यानंतर आजी रोज येऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "आन हिकडं," आणि खिडकीखालची फरशी त्यांनीच घासली. दम लागला तरी पेपर सोडला नाही.

पुढच्या महिन्यात त्या आजारी पडल्या. शिरूरचा मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. खालच्या दाराला कुलूप लागलं. उरलेल्या फरश्या मी एकटीनं घासल्या. आता खसखस ऐकणारंही कुणी नव्हतं. कोपऱ्यातली शेवटची फरशी झाली तेव्हा गुडघे काळे पडले होते.

सुट्टी घेऊन एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूरला गेले. आजी कॉटवर पडून होत्या. फोनमधला फोटो त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "लई गुळगुळीत झाली गं. कुनी आलं-गेलं तर घसरंल. दारात गोनपाट टाक."

मी हसून "टाकते" म्हटलं. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

संध्याकाळी परत आले, कुलूप काढलं, चपला बाहेर ठेवल्या. फरशी पायाला गार लागली. मी गोणपाट कधीच टाकलं नाही. माझ्याकडे येणारं-जाणारं होतं कोण?