मावशीच्या बाहुल्यांना भाव आला नाही

माझी मावशी कपडे ऑल्टर करते. चेन बदल, पँट आखूड कर, असलं. दुकान म्हणजे एकच खोली, आणि मशीनच्या वर फळीवर तिच्या बाहुल्या. बोटाएवढ्या! सगळ्यात जुन्या चिनी मातीच्या, मग सेल्युलॉइडच्या, त्या भपकन पेट घ्यायच्या म्हणून नंतर प्लास्टिकच्या आल्या. हा सगळा इतिहास मला तिनेच शिकवलाय. भंगारातून, गिऱ्हाइकांच्या माळ्यावरून, कुठून कुठून जमवल्यात तिने.

तर काकांनी, म्हणजे मावशीच्या मिस्टरांनी, एक व्हिडिओ पाहिला. अशीच एक बाहुली म्हणे प्रचंड किमतीला गेली. झालं! "घबाड फळीवर ठेवून चेना बदलत बसलीयेस," असं रोज सुरू. शेवटी मावशी भडकली. "आणा तुमचा व्यापारी! चांगला भाव दिला तर सगळ्या देऊन टाकते!"

बोलून बसली आणि मग तोंड एवढंसं झालं. कारण मावशी शब्द फिरवत नाही, मेली तरी नाही.

जुन्या खेळण्यांचा व्यापारी आला. डोळ्याला भिंग लावलं.

"हे केस कुणी लावले?"

"मी. टक्कल पडलं होतं."

"आणि डोळे?"

"मीच रंगवले. पुसट झालेले, बिचारीला दिसत नव्हतं."

काका खोकले. व्यापारी एकेक उचलतोय, खाली ठेवतोय. आणि मग चिनी मातीची सगळ्यात म्हातारी हातात आली, तसा तो सरळच झाला. "ही अस्सल. रंग मूळचा. हिला खूप मिळतील."

मावशीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मला रडूच यायला लागलं, खरंच.

त्याने बाहुली उलटी केली. थांबला. "हा पाय हिचा नाही."

"तिचा तुटला होता ना! दुसरीचं डोकं फुटलेलं. तिला पाय घेऊन काय करायचंय?"

व्यापाऱ्याने भिंग खिशात टाकलं. "बाई, लोक न खेळलेली, न दुरुस्त केलेली बाहुली शोधतात. मोडकी तरी चालते, पण मूळची हवी. तुम्ही सगळ्यांची वाट लावलीत."

"हो का?" मावशी म्हणाली. एवढ्या आनंदाने कुणी शिव्या खाल्लेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत!

तो गेला. काका पडलेल्या चेहऱ्याने खुर्चीत. मग हळूच त्यांनी म्हातारीला उचललं, पाय हलवून बघितला.

"पक्का बसवलायस गं."

"मग? मी बसवलाय." मावशीने बाहुली घेऊन फळीवर ठेवली, आणि भिंतीला टेकून खाली बसली ती बसलीच. "अहो, काहीतरी खायला आणा. सकाळपासून पोटात कावळे ओरडतायत, आत्ता कुठे ऐकू यायला लागलेत."