डायलिसिसच्या दारातली छीमासी

छीमासी माणसाचा आधी वास घ्यायची, मग नाव विचारायची. डायलिसिसच्या खोलीच्या दारातच ती पेशंटला म्हणायची, "तोंड उघड." नाक जवळ न्यायची आणि चेहरा कडू करायची. "छी. मुतारी झाली तोंडाची. चल, बस." किडन्या बंद पडल्या की तोंडाला तसा वास येतोच. आम्ही घरचे तो आपल्याला येतच नाही असं नाटक करायचो. तिने ते कधी केलं नाही, म्हणून अख्ख्या हॉस्पिटलने तिला हे नाव दिलं होतं. नोकरीने ती आया, मूळची नंदुरबारकडची. सुरतेत जन्म गेल्यामुळे तिची मराठी निम्मी गुजराती झाली होती.

प्लेगनंतर सुरत झाडूनपुसून लख्ख झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझा थोरला भाऊ नाना तिथेच उधन्याला कापडाच्या लूमवर होता. तो मंगळवार-शनिवार मशीनला लागला, तेव्हा आई चोपड्याजवळच्या आमच्या गावाहून सुरतेतल्या आम्हा भावाबहिणीच्या डिंडोलीच्या खोलीत राहायला आली. मी शाळेत शिक्षिका, घरातली एकटी शिकलेली, म्हणून नानाचं पथ्य माझ्याकडे. त्याचा मला तोरा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मासी पेशंटला काट्यावर उभं करायची. दोन डायलिसिसच्या मध्ये लघवी होत नाही, प्यायलेलं पाणी अंगातच राहतं आणि वजन वाढतं. नाना म्हणायचा, "मासी, दोनच ग्लास प्यालो." ती म्हणायची, "तू नको बोलू, काटो बोलेल." एकदा आईने कुठल्याशा बाबाचा गंडा नानाच्या डाव्या दंडाला करकचून बांधला. त्याच हाताच्या शिरेवर ऑपरेशन करून मशीनच्या सुयांसाठी जागा केलेली. मासीने कात्री घेतली आणि गंडा कापून आईच्या हातात ठेवला. "देवाला उजवा द्या, आई. डावा माझा." मग ती त्या हाताला कान लावून कितीतरी वेळ आतल्या रक्ताची घरघर ऐकत बसली. "चालू आहे," असं म्हणाली तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

तिला खरी चीड होती ती भेटायला येणाऱ्यांची, आणि मलाही ती आजतागायत आहे. आमच्या खानदेशी लोकांना आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही, आणि हातात काय असतं? घरच्या मळ्यातली केळी. केळ्यातलं पोटॅशियम निरोगी माणसाच्या लघवीवाटे निघून जातं. अशा पेशंटच्या रक्तात ते साठतं आणि हृदय बंद पाडतं. मासी हे शंभरदा सांगायची, पिशव्या हुंगायची, केळी दारातच काढून ठेवायची. लोक बाहेर जाऊन म्हणायचे, "बाई माणसाला उपाशी मारते." नानाला काडीसारखं अशक्त झालेलं बघायचं, त्याच्या उशाशी बसून जेवणावळींच्या गप्पा मारायच्या, आणि वर ही भाषा. शिसारी यायची मला. आईसुद्धा त्यांच्यातलीच. "मना पोऱ्या भुक्या मरी ऱ्हायना," म्हणत डोळ्याला पदर लावायची.

एका रविवारी चुलतभावाने केळ्यांचा घड आणला आणि आईने तो पाहुण्यांसाठी म्हणून खोलीत आढ्याला टांगला. दुपारी आई दळण आणायला गेली. नाना म्हणाला, "मंगल, एकच दे ना." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दिलं. मग दुसरं दिलं, मग तिसरं. सालं मी गटारीत टाकून आले. शिकलेली ना मी.

सोमवारी सकाळी नानाचे पाय उचलेनात. रिक्षात घालून नेलं. मासीने त्याला पाहिलं आणि काट्यावर उभ्या असलेल्या एका काकांना हात जोडले. "भाई, तमे दोन तास थांबाल ना?" ते लगेच खाली उतरले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मशीन लावलं, आणि नाना वाचला. मग डॉक्टर बाहेर आले. काय खायला दिलं, म्हणून त्यांनी विचारलं आणि चुलतभाऊ घडाचं बोलला. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईला वाटलं, पोराने आपल्याच घडातलं चोरून खाल्लं. आपण दळणाला गेलो होतो, घड आढ्याला टांगला होता, एवढं सांगून ती मान खाली घालून उभी राहिली. नाना शुद्धीवर आल्यावर माझ्यासाठी गप्प बसला. मीही गप्प बसले. डॉक्टर म्हणाले, या बाईंना पेशंटजवळ ठेवू नका. दोन दिवसांत आईला गावी धाडलं.

मासीने मला नळाजवळ गाठलं. "बेन, आई दळण आणायला गेलेली, पोरगा आधाराशिवाय उठत नाही, घड उंच टांगलेला. कोणी काढलं?" मी नळाखाली हात धरले. "मी कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "तू सांग. आईला परत आण." त्यानंतर दर मंगळवारी नानाला काट्यावर चढवताना ती मला एवढंच विचारायची, "सांगितलं?" मी म्हणायचे, "सांगते." इतका घाणेरडा शब्द मी आयुष्यात दुसरा उच्चारला नसेल. तरी ती नानाच्या हाताला दर वेळी कान लावायची, त्याची नखं कापायची, आणि माझ्याशी एका शब्दानेही वाईट वागली नाही.

चार महिन्यांनी नानाला इन्फेक्शन झालं आणि तो दोन दिवसांत गेला. आई कुठे, असं तो सारखं विचारत होता. तार मिळून आई पोचली तेव्हा त्याला चादरीत गुंडाळलेलं होतं.

आई डायलिसिसच्या दारात गेली आणि मासीच्या पायाशी वाकली. "मनी चूक व्हयनी, बाई," म्हणाली. मासीने तिला दोन्ही हातांनी उठवलं. "तुमची नाही, आई. तुमची चूक नाही." आईला ते सांत्वन वाटलं. ती नुसती मान हलवत राहिली. मासी माझ्याकडे बघत होती.

मी आईचा हात धरला आणि म्हणाले, "चल, रिक्षा थांबली आहे."