टेकडीवरचं मीठ

आज करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये एक चिमुकला खेळण्यातला सॅक्सन सैनिक रंगवायला घेतला आणि रंगाच्या वासाबरोबर तो जुना राग पुन्हा उसळला.

तेव्हा आम्ही उरणला राहायचो. वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर मांडायच्या लढाईच्या खेळासाठी, बोटाच्या पेराएवढे व्हायकिंग आणि सॅक्सन सैनिक मी सहा महिने खपून पोस्टर कलरने रंगवले होते. त्यांच्या रणांगणासाठी केलेल्या थर्माकोलच्या टेकडीवर कापसाचा बर्फ चिकटवत होतो, तेवढ्यात बाबा आमच्या मिठागरातून ओंजळभर मीठ घेऊन आले.

"कापूस कशाला? आपला मीठ हाय ना!" म्हणत त्यांनीच ते टेकडीभर पसरलं. दाणे खरंच बर्फासारखे चमकले.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं. टेकडीवर मांडलेल्या सैनिकांच्या ढाली, दाढ्या, सगळ्यांचा रंग ओघळला. मी बाबांवर ओरडलो, "तुमाला काय कळतं यातलं?" आणि त्यांच्यासमोर टेकडी नळाखाली खसाखसा धुतली.

"पाऊस इसरलो रं मी," ते म्हणाले.

जन्मभर मीठ पिकवणारा माणूस माझ्या खेळात इतका रमला होता, की पाऊस विसरला!

पुढच्याच वर्षी मिठागरावर भराव पडला. आता तिथे कंटेनर उभे आहेत आणि बाबाही नाहीत. नव्या टेकडीवर मी विकतचा खोटा बर्फ लावतो. कसला सेनापती मी! आमचं शेवटचं मीठ याच हातांनी मोरीत सोडलं.