निर्धास्त घ्या, मावशी!

सोनाराच्या दुकानातली धूळसुद्धा विकली जाते. वर्षातून एकदा माणूस येतो, झाडलेला कचरा पोत्यात भरतो, पैसे देऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही. त्यामुळे केजमधल्या आमच्या दुकानात काउंटरखाली अकरा वर्षांचे किस्से तसेच पडून आहेत.

मी तिथे गिऱ्हाइकांना दागिने दाखवते. आईच्या गळ्यात एकदा खरी बोरमाळ घालायची, याच हेतूने नोकरी धरली होती. पण वर्षांमागून वर्षं दुसऱ्यांच्याच आयांना माळा घालण्यात गेली. "निर्धास्त घ्या, मावशी!" हे वाक्य मी झोपेतही बोलते, असं माझा नवरा सांगतो.

*

चकलांब्याचे एक काका जावयासाठी अंगठी घ्यायला आले. लेक केजला दिलेली. अंगठी पसंत पडली, पण आमच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. "दुसऱ्या दुकानात तोलून बघू का?" शेठ म्हणाले, "खुशाल!" आणि सोबत मला धाडलं.

दुसऱ्या दुकानात वजन केलं. मिलिग्रॅमचाही फरक नाही! मला वाटलं, झाला सौदा. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या दुकानदाराकडे बघितलं.

"दोन्हीकडं सारखंच भरलं. म्हंजी तुमी आतून मिळालेले हायेत!"

तिसऱ्या दुकानाचा काटा जरा वेगळा निघाला. अंगठी त्यांनी तिथूनच घेतली.

*

एका गुरुजींना बायकोला गुपचूप पाटल्या घ्यायच्या होत्या. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली. मी हाताचं माप विचारलं. गुरुजींनी आधी स्वतःची मूठ दाखवली, मग खिशातली चष्म्याची डबी दाखवली.

मी म्हटलं, "तुमच्या गावच्या कासाराला फोन लावा. बांगड्या भरणाऱ्याला सगळ्या बायकांचे हात पाठ असतात." कासाराने माप लगेच सांगितलं. गुरुजी खूश. पाटल्या पिशवीत तळाशी ठेवल्या, वर मेथीची जुडी टाकली आणि जीपने गेले.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन परत हजर! जीप गावात पोचायच्या आत कासाराकडून बातमी पोचली होती. बाई दारातच उभ्या होत्या आणि पिशवी न उघडताच म्हणाल्या होत्या, "पाटल्या वापस करा. मला गंठन पायजे."

गंठण घेतलं. पसंत करायला गल्लीतल्या चार बायका सोबत होत्या.

*

दागिना घालून बघायला गिऱ्हाईक माझाच गळा वापरतं. एक बाई होणाऱ्या सुनेसाठी राणीहार बघत होत्या. मला घातला, वळवलं, दारापाशी उजेडात उभं केलं. बराच वेळ निरखलं आणि काढून ठेवला.

"कावून हो? शोभला न्हाई का?" मी विचारलं.

"तुला लई शोभला गं. पन तू कुठं आमच्या घरात येनार हायेस?"

*

शेठने काउंटरवर भिंग ठेवलंय. हॉलमार्क ज्याने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, हा त्यांचा आग्रह. एक आजी नातीसाठी कानातली फुलं घेत होती. शेठ म्हणाले, "बघा आजी, नीट बघून घ्या. फसवाफसवी नको."

आजीने भिंग उचललं. फुलांवर नाही धरलं, शेठच्या तोंडासमोर धरलं. चांगलं मिनिटभर बघितलं. शेठला घाम फुटला.

"बांध," आजी म्हणाली.

*

आता आईचा किस्सा. आईच्या गळ्यात गिलिटाची बोरमाळ होती. पण लेक सराफाकडे कामाला, त्यामुळे गल्लीत ती सोन्याचीच धरली जायची. कुणी विचारलं की आई मणी पुढे ओढून सांगायची, "बावीस क्यारेट! पोरीच्या दुकानातली हाय." रंग उडाला की मी तशीच दुसरी आणून द्यायचे. मला मात्र ते फार लागायचं. एखादीने कधी दगडावर घासून बघितली, तर आईची काय शोभा होईल, ही भीती कायम असायची.

यंदा घेतली एकदाची. तीनदा वजन केलं, पावती दोनदा वाचली. तरी पैसे देण्याआधी भिंगाखाली हॉलमार्क बघितलाच. शेठ म्हणाले, "निर्धास्त घ्या, मावशी!" सगळं दुकान हसलं.

घरी आईच्या गळ्यात घातली. ती मण्यांवरून हात फिरवत राहिली. रडले ती मीच.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी नारायणगडाच्या दर्शनाला निघालो. एसटीत मरणाची गर्दी. समोरची बाई आईच्या गळ्याकडे टक लावून बसली होती. शेवटी विचारलंच, "लई छान दिसती मावशी. सोन्याची हाय का?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाला मी भ्यायचे, तो प्रश्न! आज पहिल्यांदा मी ताठ बसले.

आईने पदर ओढून माळ झाकली.

"न्हाई गं बाई, गिलिटाची हाय. आमी गरीब मानसं, सोनं कुठून आनावं?"